निष्काळजीपणाची कबुली

“आणि तो बेडूक कोणाच्या सांगण्यावरून ठेवलात?” इन्स्पेक्टरने विचारलं.

फिटरने मान वर केली. पाणीपुरवठा खात्यात पाइप जोडण्यात त्याची हयात गेली होती. एक दिवस आपल्याला पोलीस ठाण्यात बेडकाबद्दल जबाब द्यावा लागेल, असं कोणी सांगितलं असतं तर त्याने त्या माणसाला आधी सावलीत बसवून पाणी पाजलं असतं.

“कोणाच्या नाही, साहेब. घरात पडला होता. प्लास्टिकचा आहे.”

“प्लास्टिक,” इन्स्पेक्टर हवालदाराकडे अर्थपूर्ण नजर टाकत म्हणाला. “लिहा.”

हवालदाराने लिहिलं. टेबलावरच्या चहाच्या कपात कोणीतरी सिगारेट विझवली होती. हवालदार लिहिता लिहिता तोच कप उचलायचा, आत पाहायचा आणि परत ठेवायचा. थोड्या वेळाने त्याने न पाहता उचलला आणि प्यायला.

भानगड साधी होती. डॉक्टरने फिटरला रोज चालायला सांगितलं होतं. कुठे जायचं नसताना चालत सुटणं त्याला वेडेपणाचं वाटे. मग खात्यातल्या मीटर रीडरने त्याला एक खेळ शिकवला. लोक गावभर लहान लहान डब्या लपवतात आणि जागेची खूण फोनवर टाकतात. दुसऱ्यांनी फोन बघत जायचं, डबी शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं, एखादी चिल्लर वस्तू घ्यायची, एखादी ठेवायची आणि डबी होती तिथे ठेवून घरी जायचं. बक्षीस काही नाही. फिटरला हे फार आवडलं. संध्याकाळी बायकोला घेऊन तो निघायचा आणि दोघं झुडपांतून, बाकांखालून डब्या धुंडाळायची. संसारात इतक्या वर्षांनी नवरा-बायको एकाच गोष्टीच्या शोधात होती, हेच मुळात नवल.

पण लोकांच्या डब्या पाहून त्याला चीड यायची. औषधाच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या. आत पाणी, कागदाला बुरशी, नावांचा चिखल. “ही काय डबी झाली?” तो म्हणायचा. आणि मग त्याने स्वतःची डबी केली. लोखंडी पाइपचा वीतभर तुकडा घेतला, दोन्ही टोकांना आटे पाडले, वर टोप्या बसवल्या. एक टोपी कायमची, दुसरी पोराटोरांच्या हातानेही फिरावी अशी, पण आत दमटपणाही शिरू नये अशी. कालव्यावरच्या पादचारी पुलाच्या कठड्याखाली ती क्लिपने आवळली आणि कठड्याच्याच रंगाने रंगवली. खेळाचा नियम असा की डबीवर लिहायचं, ‘हा खेळ आहे, घाबरू नये.’ फिटरने तेही स्वच्छ अक्षरात लिहिलं. फक्त पावसाने अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून कागद आत, भेटवस्तू म्हणून टाकलेल्या बेडकाशेजारी ठेवला.

पुलावरून जाणाऱ्या कोणाला तरी ती दिसली. पूल बंद झाला, दोन्हीकडची दुकानं बंद झाली, बॉम्बशोधक पथक आलं. कामावरून परतणाऱ्या फिटरने गर्दी पाहिली आणि तो थेट दोरीपाशी गेला.

“साहेब, ते माझं आहे.”

“मागे व्हा.”

“अहो, हाताने उघडतं ते. मी उघडून दाखवतो.”

“काका, इथे स्फोटकाचा मामला चालू आहे, आणि तुम्ही मध्ये मध्ये काय करताय?”

त्यांनी त्याला मागे ढकललं, डबी उडवली, उडाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग त्याला बोलावून विचारलं, “हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

रात्री टीव्हीवर फिटरचा फोटो आला. खात्याच्या ओळखपत्रावरचा तो फोटो मुळातच अट्टल गुन्हेगाराचा वाटायचा. खाली लाल अक्षरं आल्यावर तर बायकोसुद्धा क्षणभर दचकली. खात्याने त्याला निलंबित केलं. ज्या शेजाऱ्यांचे नळ त्याने सणकून ताप असतानाही येऊन दुरुस्त केले होते, ते जिन्यात भेटले की खिशात किल्ली शोधू लागले. वरच्या मजल्यावरच्या बाईने तर त्याच्याच हाताने बसवलेल्या टाकीची तपासणी करून घेतली.

गुन्हा लागला तो जनतेत मुद्दाम घबराट पसरवल्याचा. तो सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर खात्याने दिलेलं दोन खोल्यांचं घर.

वकील घरातलाच होता. फिटरचा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा मांडी घालून बसला की मांडीवर पोट ठेवायचा आणि पोटावर बशी. त्याने चिवडत चिवडत सगळं ऐकलं आणि बोटं चाटून खुर्चीच्या हाताला पुसली.

“साडूबुवा, सरकारी वकिलाशी बोललोय. माणूस चांगला आहे, माझ्यासारखाच. ‘मुद्दाम’ काढून टाकायला तयार आहे.”

“मग झालं की!” बायको म्हणाली.

“फक्त यांनी कबूल करायचं, की काम निष्काळजीपणे केलं. दंड होईल, समज देतील. खात्याच्या साहेबांशीही बोललोय, ते परत घेतील.”

“काय केलं म्हणू?” फिटरने विचारलं.

“निष्काळजीपणे काम केलं.”

“चिठ्ठी आत ठेवली, ते चुकलं. शंभर वेळा चुकलं. ते म्हणतो.”

“चिठ्ठीचं नका काढू. कोर्ट हसेल. आणि कोर्ट हसलं की मग चिडतं.”

“पण ते काम निष्काळजीपणाचं नव्हतं.”

साडूने बशीतला शेवटचा तुकडा नखाने खरवडला. “अहो, पाइपच्या तुकड्याला टोपण लावलंत. ताजमहाल नाही बांधलात.”

तो गेल्यावर बायको बराच वेळ खुर्चीचा हात फडक्याने पुसत राहिली.

“अहो,” ती शेवटी म्हणाली, “तोंडाने म्हणायचंय नुसतं. हाताने काही करायचं नाहीये.”

“हात नि तोंड दोन्ही माझीच आहेत ना?”

“आणि घर? घर दोघांचं आहे.”

त्याने तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि खुर्चीचा हात स्वतःच पुसू लागला.

कोर्टात सगळ्यांत आधी पथकाचा अधिकारी उभा राहिला. त्याने पारदर्शक पिशवीतून वाकडेतिकडे लोखंडी तुकडे काढले. बेडकाचा एक पाय एका तुकड्याला चिकटला होता. अधिकाऱ्याने तो चिमट्याने उचलून न्यायाधीशांना दाखवला, आणि न्यायाधीशांनी तो चष्मा पुसून पाहिला.

“संशय कशावरून आला?” सरकारी वकिलाने विचारलं.

“कामावरून,” अधिकारी म्हणाला. “आटे अगदी एकसारखे. जोड असा की कुठे केसाएवढी फट नाही. पाइप फाटला, पण जोड सुटला नाही. खेळासाठी कोणी एवढं करत नाही, साहेब.”

फिटरच्या अंगावर काटा आला. आजवरच्या नोकरीत त्याच्या कामाबद्दल कोणी चारचौघांत चांगलं बोललं नव्हतं. त्याला उठून त्या माणसाचे आभार मानावेसे वाटले. साडूने त्याची बाही धरून ठेवली.

मग त्याचं नाव पुकारलं गेलं. न्यायाधीशांनी त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे त्याच्या खांद्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची सुट्टी व्हायची होती.

“हे काम तुम्ही निष्काळजीपणे केलंत, हे मान्य आहे?”

“साहेब, तो जोड...”

साडूने त्याच्या पायावर पाय दिला. मागच्या बाकावर बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सोडत होती, परत गुंडाळत होती.

“हो,” फिटर म्हणाला.

“हो काय? पूर्ण बोला. टायपिस्टला ऐकू गेलं पाहिजे.”

“काम मी निष्काळजीपणे केलं.”

टायपिस्टने खटाखट वाजवलं. न्यायाधीशांनी जबाबदार नागरिक कसा असावा यावर चार शब्द सुनावले, दंड केला, यापुढे कसलीही डबी कुठेही लपवायची नाही अशी ताकीद दिली आणि ते जेवायला उठले. बाहेर व्हरांड्यात सगळे खूश होते. सरकारी वकिलाने साडूच्या पाठीवर थाप मारली, साडूने त्याच्या. पथकाचा अधिकारी समोरून आला. फिटर काही बोलणार होता, पण आता काय बोलणार? ज्या कामाची त्याने तारीफ केली, ते काम याने नुकतंच सरकारदरबारी रद्दी ठरवलं होतं. त्याने मान खाली घातली. अधिकाऱ्याला वाटलं, माणूस शरमला. त्याला बरं वाटलं.

फिटर कामावर परत रुजू झाला. घर राहिलं. शेजाऱ्यांना आपापल्या किल्ल्या सापडल्या आणि पुढच्याच आठवड्यात गळणारे नळही.

रविवारी साडूचा फोन आला. “घरच्या माणसाकडून फी कसली घ्यायची? बाथरूममध्ये एक शॉवर लावायचाय, तेवढं बघून टाका.”

बाथरूममध्ये ओल्या टॉवेलांचा आंबूस वास होता. मोरीच्या जाळीत केसांचा गुंता अडकला होता. तो आधी चिमटीने काढून फिटरला हात धुवावे लागले. मग त्याने आटे पुसले, टेप गुंडाळली, पाइप फिरवत नेला आणि पाना शेवटचा आवळला. दारात साडू टूथपिक चावत उभा होता.

“नीट हं, साडूबुवा! निष्काळजीपणा नको!” तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर पोट हलवत हसला. आतून मेहुणीही हसली.

फिटरने पाणी सुरू केलं. जोड बसवला की पाना पिशवीत टाकायचा आणि पाण्याचा आवाज ऐकत बाहेर पडायचं, ही त्याची जन्माची सवय. मागे वळून पाहणं त्याला ठाऊक नव्हतं.

“झालं का?” साडूने विचारलं.

“थांबा जरा,” फिटर म्हणाला.

तो जोडाखाली तळहात धरून उभा होता. तळहात कोरडाच होता. साडू कंटाळून आत निघून गेला, टीव्ही सुरू झाला, मेहुणीने चहा झाल्याची हाक मारली. फिटरने हात काढला नाही.