तिसरी गैरहजेरी

फुमिका होसोया अरुणाच्या घरी आली ती एका स्पर्धेपुरती. सिंगापुरात कलांगला बायकांची टेनिसची स्पर्धा होती. स्पर्धा लहान असल्यामुळे राहण्याची सोय खेळाडूंनी आपापली बघायची होती, म्हणून तिथल्या टेनिस क्लबने ओळखीच्या घरांना विचारलं, कुणी एखादीला ठेवून घ्याल का? अरुणाची लेक ऋग्वेदा त्याच क्लबात शिकायची. तिने आईमागे असा काही लकडा लावला की पाया लेबार भागातल्या त्यांच्या कॉन्डोतली देवघराला लागून असलेली खोली झाडूनपुसून तयार झाली.

"तुझ्या उपासाच्या खिचडीवर ती जपानी बाई सर्व्हिस करणार होय?" अरुणाचा नवरा, प्रसन्न, म्हणाला. पण फुमिकाने साबुदाण्याची खिचडी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि त्याची बोलती बंद झाली.

बाई पस्तिशीला टेकलेली, अंगाने काटक, बोलण्यात अगदी हळू. तिची सगळी कहाणी ऋग्वेदाला पाठ होती. एके काळी जगातल्या पहिल्या साठांत होती, मग खांदा गेला. एकदा शस्त्रक्रिया झाली, ती फसली म्हणून पुन्हा झाली. प्रायोजक गेले, त्यांच्यामागून प्रशिक्षकही गेला. तेव्हापासून ती एकटीच बॅग उचलून गावोगाव हिंडत होती, बघायला येणाऱ्यांपेक्षा बॉल उचलणारी मुलंच जास्त असायची अशा कोर्टांवर खेळत होती, आणि कणाकणाने वर येत होती. इथे अंतिम फेरी गाठली तर जानेवारीत मेलबर्नच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत तिचं नाव लागणार होतं.

एकदा कपड्यांच्या घड्या घालताना ती अरुणाला म्हणाली होती, "तिथे एकदा पुन्हा उतरायचं. हरले तरी चालेल. मग मी माझ्या पायांनी थांबेन."

आल्या संध्याकाळीच तिने एक गोष्ट समजावून सांगितली होती. उत्तेजक तपासणारे लोक न कळवता येतात. रोजचा एक तास आपण कळवून ठेवायचा आणि त्या तासात, त्या पत्त्यावर सापडायचं. वर्षभरात तीनदा सापडलं नाही तर अंगात औषधाचा थेंब नसला तरी माणूस दोषी. तिच्या दोन गैरहजेऱ्या आधीच लागल्या होत्या. एकदा विमान माघारी फिरलं होतं, एकदा हॉटेल बदलल्याचं कळवायचं राहिलं होतं. म्हणून इथे तिने पहाटेचा तास दिला होता. खालून गार्डचा इंटरकॉम वाजला तर मला उठवाल ना, एवढंच तिचं मागणं होतं.

"त्या वेळी मी जागीच असते," अरुणा म्हणाली. "तू निश्चिंत झोप."

ते खरंच होतं. अरुणाचा पहाटेचा जप लग्नाआधीपासूनचा. आंघोळ करायची, दिवा लावायचा, आणि माळ पुरी होईपर्यंत बोलायचं नाही, आसन सोडायचं नाही. कॉन्डोत राहायला आल्यावर एक अडचण झाली होती. पार्सलवाले उजाडायच्या आत यायचे, गार्ड वर फोन करायचा, जप मोडायचा. तेव्हापासून ती बसण्याआधी इंटरकॉमचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवायची. फुमिका आल्यापासून मात्र तिने आठवणीने त्याला हात लावला नव्हता.

मग एकादशी आली. अरुणा नेहमीपेक्षा लवकर उठली, गॅलरीतल्या कुंडीतली तुळस खुडली, आदल्या दिवशी टेक्का सेंटरच्या बाजारातून आणलेली फुलं वाहिली. मन आतून भरून आलं होतं. दिवा लावला, रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला आणि आसनावर बसली. हाताने काय केलं ते मनाला कळलंच नाही.

खाली गेटवर दोन माणसं आली. गार्डने वर पुन्हा पुन्हा फोन लावला. घरातून उत्तर नसलं तर कुणाला आत सोडायचं नाही, असा तिथला नियम. तो त्याने पाळला. तास संपत आला तेव्हा त्या लोकांनी फुमिकाच्या मोबाइलवरही फोन केला. मोबाइल जेवणाच्या टेबलावर मुका पडून होता.

माळेचे थोडेच मणी उरले होते तेव्हा अरुणाला खोलीचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मग धावती पावलं, मग बाहेरच्या दाराचा आवाज. तिने मान वळवली. समोर रिसीव्हर आडवा पडलेला दिसला.

रिसीव्हर काढून ठेवू लागल्यापासून पहिल्यांदाच ती जप अर्धवट टाकून उठली. लिफ्टपाशी जाऊन थांबली. लिफ्ट वर आली तेव्हा आत फुमिका अनवाणी उभी होती, खाली जाऊन परत आलेली. ते लोक निघून गेले होते.

"मीच काढून ठेवला," अरुणा म्हणाली. "माझ्या हातून झालं."

फुमिकाने हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. "मी रोज रात्री आवाज बंद करून ठेवते, अरुणा-सान. पहाटे तुमच्या जपात नको म्हणून."



सुनावणी होईपर्यंत खेळायला मनाई नव्हती. त्या दिवशी फुमिका खेळली आणि जिंकली. पुढचेही सामने जिंकत गेली. एवढं मोकळं खेळताना तिला कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं म्हणे. अंतिम फेरीत ती पोचली तेव्हा ऋग्वेदाचा ओरडून घसा बसला, आणि अरुणाला शेजारी बसून टाळी वाजवताना हात जड झाले.

सुनावणी व्हिडिओवर झाली. अरुणाने आपण होऊन साक्ष द्यायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी प्रसन्न तिच्यासमोर येऊन बसला.

"ती रोज रात्री आठवण करून द्यायची, असं सांग. तेवढ्यावर कदाचित सुटेल."

"पण तिने एकदाच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी."

"मला माहीत आहे ते."

"मग मी कसं सांगू, अहो? पहाटे त्याच तोंडाने देवाचं नाव घ्यायचं."

प्रसन्न कपाळाला हात लावून उठला. ऋग्वेदा दारातून म्हणाली, "Just say it lah, Mummy. Please." अरुणाने तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने घडलं तसं सगळं सांगितलं. पडद्यावर सुनावणी घेणाऱ्या बाईंनी अदबीने विचारलं, खेळाडूने नंतर कधी खातरजमा केली होती का? अरुणा म्हणाली, नाही. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि आभार मानले. पडद्याच्या एका चौकोनात फुमिका मान खाली घालून बसली होती.

निकाल आला तो असा, की आपली जबाबदारी दुसऱ्यावर सोपवून खेळाडूला मोकळं होता येत नाही, आणि सोपवल्यावर तिने साधी विचारपूसही केली नाही. दीड वर्षाची बंदी. सिंगापूरचे गुण रद्द, जिंकलेले सामनेही रद्द. मेलबर्नच्या यादीत तिच्या जागी दुसरीचं नाव लागलं.

बऱ्याच दिवसांनी अरुणाने धीर करून फोन लावला. फुमिका जपानात, कुमामोतोला भावाकडे होती. त्याचं जेवणाच्या डब्यांचं दुकान होतं, ती गल्ल्यावर बसायची. निवृत्तीचं पत्र देऊन टाकलं होतं. क्लबातल्या पोरांना शिकवावं तर बंदी उठेपर्यंत तेही चालत नव्हतं. खांदा आता दुखत नाही, असं तिने सांगितलं. अरुणाला क्षमा मागायची होती. शब्द जुळवून ठेवले होते, पण पलीकडून गिऱ्हाइकाचा आवाज आला, आणि फुमिका थांबून त्याला सुटे पैसे देऊ लागली.

परत फोनवर आल्यावर तिने विचारलं, "ऋग्वेदाचा बॅकहँड कसा आहे? मनगट सैल सोडते का अजून?"

ऋग्वेदाने निकालाच्या दिवसापासून रॅकेट हातात धरली नव्हती. क्लबातून नाव काढलं होतं. घरात आईशी कामापुरतं, तेही इंग्रजीत बोलायची.

"छान आहे," अरुणा म्हणाली. "रोज जाते."

"ते ऐकून बरं वाटलं," फुमिका म्हणाली.