लोलकबुवा आणि चंद्राचे खड्डे

विज्ञान केंद्राच्या लांबलचक व्हरांड्यात गर्दी श्वास रोखून एका दोऱ्याकडे बघत होती. दोऱ्याच्या टोकाला पितळी लोलक आणि दोरा लोलकबुवांच्या चिमटीत. तारादालनाच्या दारात बुवा थांबले, डोळे अर्धवट मिटले, आणि लोलक हळूहळू गोल फिरायला लागला. भाबड्या लोकांची गर्दी असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण हे सगळे विज्ञानप्रसारक होते हो! कोणी दुर्बिणीतून तारे दाखवणारे, कोणी शाळाशाळांत प्रयोग करून दाखवणारे. एका गृहस्थांचा तर बुवाबाजीविरुद्ध व्याख्यानं देऊन घसा बसला होता. विज्ञान सर्वांपर्यंत कसं न्यायचं, याचा विचार करायला ते गावोगावाहून जमले होते, आणि संचालकांनी मार्गदर्शनाला बोलावले होते हे कोटटायवाले बुवा.

"प्रत्येक जागेतून समावेश-लहरी निघतात," बुवा म्हणाले. "सगळे जिथे सामावतात तिथे लोलक गोल फिरतो. कुणी वगळलं गेलं की आडवा झुलतो. मित्रहो, हे जागेचं अंतःकरण आहे."

अंतःकरण! सगळ्यांनी माना डोलावल्या.

बुवा पक्का बेरकी. 'स्वतः करून पाहा' हे या मंडळींचं ब्रीद, म्हणून त्याने विश्वास ठेवा असं म्हटलंच नाही. सरळ प्रत्येकाच्या हातात एकेक लोलक दिला. हात स्थिर धरूनही लोलक आपोआप फिरतो म्हटल्यावर शंका घ्यायची तरी कुणावर?

व्हरांड्याच्या टोकाला केंद्राची मॉडेलं बनवणाऱ्या मॉडेलवालीची खोली होती. इथे सगळं हात लावून बघायचं. भोपळ्याएवढं उघडझाप होणारं हृदय होतं, खड्ड्याखड्ड्यांचा प्लास्टरचा चंद्र होता. तो चंद्र तिने आत्यासाठी केला होता. आत्या भौतिकशास्त्राची शिक्षिका, भर उमेदीत डोळे गेले. "चंद्र विसरायला लागले गं," असं ती एकदा म्हणाली, आणि भाची कामाला लागली.

पण चंद्राचा रंग उडालेला. पाहुण्यांनी नाकं मुरडली आणि सगळ्यांचे लोलक आडवे झुलले. उद्यापासून ही खोली बंद, इथे रंगीत दिव्यांचं दालन करू, असं संचालकांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. मॉडेलवालीने स्वतः लोलक धरला. मेला तिच्या हातातही आडवाच झुलला. तिला रडू फुटलं.

तेवढ्यात काठी टेकत आत्या आली, नेहमीसारखी तिला घरी न्यायला. रडण्याचं कारण तिने ऐकून घेतलं आणि लोलक मागितला.

"घ्या आजी, तुम्हाला लहरी जास्तच जाणवतील," बुवा मधाळपणे म्हणाले.

कुठे उभं केलंय ते सांगायचं नाही, असं भाचीला बजावून आत्या तिच्या हाताला धरून एकेका दालनाच्या दारात उभी राहिली. लोलक ढिम्म. आजींची श्रद्धा कमी पडते, असा बुवांचा निर्वाळा. मग जास्त श्रद्धावाल्याचे डोळे बांधू, म्हणाली आत्या. संचालक हौसेने पुढे आले. रुमाल बांधला, आत्या भाचीच्या कानात काहीतरी पुटपुटली, भाचीने साहेबांना दोन गिरक्या दिल्या आणि नेऊन उभं केलं. "सर, तारादालन."

लोलक गरगरा फिरला. साहेबांनी रुमाल काढला, तर समोर स्वच्छतागृह.

"तेही सर्वांचंच की," बुवांनी सावरून घेतलं.

"पाटीवर 'फक्त पुरुष' लिहिलंय," भाची म्हणाली.

हसता हसता लोकांची पुरेवाट झाली. बुवांना एकाएकी गाडीची वेळ आठवली.

आत्याने दोरा दाराच्या खिळ्याला बांधायला लावला. आता लोलक हलेना. "मनात जसं येतं तशी बोटं कणभर हलतात," ती म्हणाली. "आपल्याला पत्ताही लागत नाही. दोऱ्याच्या टोकाला तेवढ्याचाच मोठा झोका होतो. तुमची आधीचीच मतं तुम्हाला परत ऐकू येत होती."

घसा बसलेले गृहस्थ छताकडे बघू लागले. संचालकांनी पडेल आवाजात विचारलं, "मग बाई, जागा सगळ्यांची आहे की नाही, हे कळायचं कसं?"

"जो बाहेर राहिलाय त्याला विचारून. सकाळपासून एवढे जमलात, माझ्यासारखं एक तरी माणूस बोलावलंत का?"

मग संचालकच म्हणाले, "तुम्हीच सांगा, ही खोली कशी आहे?"

आत्याने चंद्रावर हात फिरवला. "खड्डे झकास. रंगाचं मला काय! पण दाराचा उंबरठा काढा. मी दर वेळी ठेचकाळते, आणि चाकाच्या खुर्चीतलं माणूस तर आत येणारच नाही."

भाचीचा चेहरा पडला. "आत्या, कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

खोली वाचली. सुताराबरोबर सगळे विज्ञानप्रसारक बाह्या सरसावून उंबरठा उखडायला लागले आणि चौकट सरळ बसवायला बुवांच्या लोलकाचा ओळंबा केला. त्या कामाला तो अगदी बरोबर निघाला.

तेव्हा मंडळी, डोळ्यांदेखत, तुमच्याच हातात काही आपोआप फिरलं, तरी एकदा डोळे बांधून बघा. आणि दार सगळ्यांना उघडं आहे असं वाटलं, की बाहेर जाऊन विचारून या.