आधी दंड, मग घास

वृद्धाश्रमात तिला सगळे चादरवाली म्हणत. तळघरातल्या धुलाईखोलीत दिवसभर चादरी आणि उशांचे अभ्रे धुवायचे, आणि जेवणाच्या वेळी वर जाऊन आपल्याच आईला भरवायचं. आई याच आश्रमात होती. विसरण्याच्या आजारात तिचं गाव, घर, नवरा सगळं पुसून गेलं होतं, पण थोरली लेक आणि सुई एवढं मात्र जागच्या जागी होतं.

थोरली लहानपणीच गेली, लस टोचल्यावर चौथ्या दिवशी, तापाने. लसीने गेली की साथीत गेली, हे कुणी सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. तेव्हापासून धाकटी, म्हणजे हीच चादरवाली, शाळेतून घरी आली की आई तिचे दोन्ही दंड दाबून बघे. दुखत नाही म्हटलं की मगच ताट वाढलं जाई. आता धाकटीचे केस पिकले, तरी समोर बसल्यावर तेच. आधी दंड, मग घास. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की आई दात घट्ट मिटून घेई, आणि उरलेसुरले ते दात भलतेच हट्टी होते.

अशात फर्मान निघालं. या महिन्याअखेर ज्यांनी नव्या साथीची लस घेतली नसेल, त्यांना आश्रमाचं दार बंद. कामगार असो की नातेवाईक.

इस्त्रीवाला भडकला. माझं अंग माझं, त्यात काय घालायचं ते मी ठरवणार, असं म्हणून त्याने गरम इस्त्री उभी करून ठेवली आणि निघून गेला. बोलणं काही खोटं नव्हतं. पण त्याची आई त्याच्या घरी होती. ज्याला दार उघडं, त्याला ताठ मानेने बाहेर पडायला काय जातं?

चादरवालीने वर आईच्या मोठ्या खोलीत मेट्रनला गाठलं. तोंड बांधून येईन, आईपाशीच जाईन, दुसऱ्या कुणाला शिवणार नाही, असं सगळं सांगून पाहिलं. मेट्रन बाई तोंडाने फटकळ, पण काळजाची वाईट नव्हती. तिने कोपऱ्यातल्या खाटेकडे नुसती मान वळवली. मागच्या हिवाळ्यात तिथला म्हातारा शिंपी साथीत गेला होता. त्याच आठवड्यात चादरवालीला खोकला होता आणि ती तशीच त्याची चादर बदलून आली होती. कुणी तिला बोल लावला नाही. तो ती स्वतःच लावून घेत होती, मशीन फिरत असताना, मनातल्या मनात.

"म्हणजे ही सक्तीच झाली," ती म्हणाली.

"झालीच," मेट्रन म्हणाली. "मी तिला दुसरं गोड नाव देणार नाही. तुझ्या आईच्या शेजारी आणखी कुणाच्या तरी आया झोपतात."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे नाक तिचं दाबलं होतं आणि तोंड आईचं उघडायचं होतं. शेवटी ती नर्ससमोर जाऊन बसली आणि म्हणाली, मांडीत टोचा. नर्स हसली. दंडाला काय झालंय, असं तिने विचारलं.

"दंड माझा नाही," चादरवाली म्हणाली. "आईचा आहे."

नर्सने मांडीत टोचलं. चादरवाली त्या दुपारी लंगडत वर गेली. आईने दंड दाबले, खूश झाली, जेवली. चौथा दिवस सरेपर्यंत मात्र चादरवालीच्या जिवात जीव नव्हता. तो दिवसही गेला आणि काहीच झालं नाही, तेव्हा गरम चादरींच्या ढिगात तोंड खुपसून ती रडली. सुटल्याचा आनंद होता, आणि आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही याचा रागही होता.

सुटली म्हणता म्हणता मेट्रन पुन्हा खाली आली. आता आश्रमातल्या म्हाताऱ्यांची पाळी होती. ज्यांना कळतं त्यांनी स्वतः सांगायचं, ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी जवळच्या माणसाने. इथे सक्ती नव्हती, मेट्रनने स्पष्ट सांगितलं. नको म्हणालीस तर आईला टोकाच्या खोलीत एकटं ठेवू, एवढंच. आड आणि विहीर यांतलं काय हवं ते निवडायला तिला पूर्ण मोकळीक होती.

तिला शिंप्याची रिकामी खाट आठवली. टोकाच्या खोलीत भिंतीशी बोलत बसलेली आईही दिसली. "द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी तिने आईला मिठीत घेतलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. नर्स मागून आली. आई एकदा दचकली, धडपडली. चादरवालीने मिठी सैल केली नाही.

दुपारी ती वाटी घेऊन बसली. आईने नेहमीसारखे तिचे दोन्ही दंड दाबले. दुखतं का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर समाधानाने मान हलवली. मग तिचा हात स्वतःच्या दंडावर गेला आणि चेहरा कळवळला.

"माझा दुखतोय गं."

"झोपेत अंगाखाली आला असेल."

आईने स्वतःचा दंड सोडला आणि पुन्हा तिचा चाचपला.

"असू दे. माझा दुखू दे. तुला नाही ना कुणी धरलं?"

"नाही, आई."

"धरू देऊ नकोस. थोरली पळत होती. मीच तिला धरलं होतं, अशी घट्ट, पोटाशी."

एवढं बोलून आईने विश्वासाने तोंड उघडलं. धाकटीने घास भरवला आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं. चौथा दिवस अजून लांब होता.