दोन बाटल्या, एकच वजन

ओडिल गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी तिचं कपाट रिकामं केलं. स्ट्रासबूर्गच्या आमच्या प्रयोगशाळेत ती रेणू बनवायची आणि मी ते यंत्रावर तोलायचो. एकवीस वर्षं.

कपाटात दोन बाटल्या होत्या. दोन्हींवर तिच्या अक्षरात एकच सूत्र. मी दोन्हींतला एकेक थेंब यंत्रावर तोलला. रेणूचं वजनही एकच. तिनं एकच पदार्थ दोनदा केला असेल असं समजून एक ठेवली आणि दुसरी कचऱ्याच्या निळ्या डब्यात ओतली.

आज सकाळी आमच्या प्रमुख किफरबाईंनी ओडिलची गाठ, म्हणजे तिनं गाठ मारून बनवलेला रेणू, मागितला. तेव्हा कळलं, दोन बाटल्यांत एकच पदार्थ नव्हता.

ओडिलनं मला हे दोरी घेऊन समजावलं होतं. टोकं जोडली की साधं कडं. जोडण्याआधी गाठ मारली तर तीच दोरी, तेवढीच लांब, पण गाठ आत कायमची. तोडल्याशिवाय ती सुटत नाही. "तुझ्या यंत्राला वजनापलीकडे काही कळत नाही, आणि तुलाही," असं म्हणून ती हसली होती. अशी गाठ तिला एकदाच जमली होती. ती हरवली तर ओडिलनं ती केली होती, हे कुणी मानणार नव्हतं.

तिची विद्यार्थिनी सोलेन हिला मी सगळं सांगितलं. तिनं पट्टीवर दोन ठिपके ठेवले, एक तिच्याकडच्या साध्या कड्याचा, एक मी ठेवलेल्या बाटलीतला, आणि पट्टीचं टोक द्रवात बुडवलं. गाठ आटोपशीर असते, म्हणून द्रवाबरोबर ती कड्यापेक्षा वर चढते. पट्टी भिजेपर्यंत मी भिंतीकडे बघत उभा होतो.

दिव्याखाली दोन्ही ठिपके एकाच उंचीवर होते.

"मस्यू फ्लोराँ, हे साधं कडं आहे," सोलेन हळू म्हणाली. मग म्हणाली, "पण डब्यात गाठ सुटली नसेल, वेगळी काढता येईल."

डबे न्यायला गाडी दहाला येते. दहाला पाच कमी होते. मी जिन्यानं धावलो. अंगणात गाडी मागे येत होती आणि एक माणूस आमचा डबा ओढत होता. मी त्यावर दोन्ही हात टेकले.

"बाजूला व्हा आजोबा, हे जाळायला जायचंय."

मी म्हटलं, "ह्यात माझ्या बायकोचं काम आहे. मी चुकून ओतलं."

त्यानं डब्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. मग ड्रायव्हरला हात केला आणि गाडीचं इंजिन बंद झालं.