पाचवा सेट

पडद्यावरच्या दोघांनी बाजू बदलल्या, तसा पेंटर स्टुलावरून उठला आणि घड्याळजी खुर्चीतून. खोलीच्या मधोमध एकमेकांना वाट देत दोघांनी जागा बदलल्या. खुर्चीला पाठ होती, गादी होती. स्टुलाला यातलं काहीच नव्हतं, शिवाय तिथून पडद्यावर खिडकीचा उजेड चमकायचा. खेळाडू उन्हाची बाजू वाटून घेतात, मग आपण का नाही, असं पेंटर अकरा वर्षांपूर्वी थट्टेत म्हणाला होता. तेव्हापासून पेंटरच्या या पाट्या रंगवायच्या खोलीत टेनिसचा अंतिम सामना असाच बघितला जाई. दोघांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, पण नियम मोडायचं नाव कोणी काढत नव्हतं.

घड्याळजी डावऱ्याच्या बाजूचा, पेंटर लंबूच्या. खेळाडूंची खरी नावं इथे कोणी घेत नसे. लंबू आणि डावरा आजवर सात वेळा अंतिम सामन्यात भिडले होते आणि त्यातले पाच सामने डावऱ्याने मारले होते. त्या प्रत्येक हारीनंतर पेंटर दोन दिवस घड्याळजीच्या दुकानावरून मान फिरवून जायचा. तिसऱ्या दिवशी स्वतःचं चांगलं चाललेलं घड्याळ घेऊन यायचा आणि मागे पडतंय म्हणायचा. घड्याळजी ते उघडायचा, फुंकर मारायचा, बंद करायचा. झालं.

आज घड्याळजीला एक गोष्ट सांगायची होती. उद्या सकाळी साडेसातच्या गाडीने तो लेकीकडे कायमचा राहायला निघाला होता. हात थरथरत होते, चिमट्यात धरलेला स्क्रू सुटून जात होता, गिऱ्हाइकाच्या वस्तूची नासाडी करण्यात अर्थ नव्हता. दुकान त्याने एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला देऊन टाकलं होतं आणि कुणाला बोलू नकोस असं बजावलं होतं. पेंटरला ही बातमी बाहेरून कळू नये, आपल्या तोंडून कळावी, एवढीच त्याची इच्छा होती. तीन आठवडे तो रोज ठरवत होता आणि रोज उद्यावर ढकलत होता. शेवटी त्याने अंतिम सामन्याचा दिवस धरला. पहिला सेट संपला की सांगायचं.

पहिला सेट डावऱ्याने घेतला. हरून बसलेल्या माणसाला अशी बातमी काय सांगायची? दुसरा लंबूने घेतला. खुशीत आलेल्या माणसाचा विरस कशाला करायचा? कारणंच शोधायची म्हटली तर पाच सेटना पाच मिळतात, आणि घड्याळजी या कामात बराच तरबेज निघाला.

तिसऱ्या सेटच्या मध्यावर तो पाणी प्यायला मागच्या खोलीत गेला. तिथे भिंतीला टेकून एकच पाटी उभी होती. पिवळ्या पार्श्वभूमीवर ठसठशीत निळ्या अक्षरांत ‘मोबाइल दुरुस्ती’. खाली पत्ता. पत्ता घड्याळजीच्या दुकानाचा होता.

दुकान बदललं की पाटी बदलणार, आणि इथे पाट्या रंगवणारा माणूस एकच. मोहरीएवढा स्क्रू फरशीवरून शोधून काढणाऱ्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं. काम पुरं झालं की पेंटर पाटीच्या कोपऱ्यात खडूने तारीख टाकत असे. ती बारा दिवसांपूर्वीची होती. तयार पाटी पेंटर एक रात्रसुद्धा ठेवून घ्यायचा नाही, जागा अडते म्हणून गिऱ्हाइकाच्या मागे लागायचा. घड्याळजीने निळ्या रंगावरून अंगठा फिरवला. रंग केव्हाच वाळला होता. म्हणजे बारा दिवस हा माणूस सगळं माहीत असून गप्प होता, आणि रोज संध्याकाळी आपल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता.

तो परत आला तेव्हा पेंटर म्हणाला, “विहीर खणत होतास का? लंबूने सर्व्हिस ब्रेक केली.”

“हो का,” घड्याळजी म्हणाला आणि स्टुलावर बसला.

आता तर सांगणं आणखीच अवघड झालं. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला सांगायचं कसं, आणि सांगितलं नाही तर त्याच्या मनात काय येत असेल? तिसरा सेट लंबूचा झाला. चौथा डावऱ्याने ओढून नेला. खिडकीतला उजेड पडद्यावरून सरकून भिंतीवर गेला, तरी घड्याळजी नुसता बसून होता.

या स्पर्धेत पाचव्या सेटला टायब्रेक नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळायचं. सहा-सहा झाले, मग सात-सहा. खेळाडूंनी बाजू बदलल्या. खुर्चीत बसलेला घड्याळजी गुडघ्यांवर हात टेकून उठू लागला.

“राहू दे,” पेंटर स्टुलावरूनच म्हणाला. “तू बस खुर्चीत.”

“नियम आहे.”

“मीच केला होता. मीच मोडतो.”

घड्याळजी पुन्हा बसला. त्याला त्या गादीवर अजिबात सुख लागेना.

नऊ-आठला लंबूच्या सर्व्हिसवर डावऱ्याला मॅच पॉइंट मिळाला. एरवी अशा वेळी घड्याळजी खुर्चीच्या कडेवर यायचा आणि पेंटर देवाधर्माला सोडून सगळ्यांना शिव्या द्यायचा. आज पेंटर गप्प होता. आणि घड्याळजीला जाणवलं, की आपण डावऱ्याचा फटका बाहेर जावा म्हणून जीव मुठीत धरून बसलो आहोत. डावरा जिंकला की सामना संपणार, सामना संपला की उठावं लागणार. चेंडू जाळ्यात गेला. घड्याळजीच्या जिवात जीव आला, आणि लगेच शरमही वाटली. बिचारा चार तास तिकडे धावत होता.

“चुकला,” तो कसंबसं म्हणाला.

“हूं,” पेंटर म्हणाला.

दहा-दहा. अकरा-अकरा. पडद्यावरचे दोघे आता धावत नव्हते, चेंडूमागे स्वतःला ओढत होते. लांबू दे, घड्याळजी मनात म्हणत होता, अजून एक गेम, अजून एक. इकडच्या खोलीतून त्या दोघांचं काहीही वाढवता येत नव्हतं. मग लंबूने डावऱ्याची सर्व्हिस ब्रेक केली. बारा-अकरा, आणि सर्व्हिस लंबूची.

मॅच पॉइंटला घड्याळजीने सहज पेंटरकडे पाहिलं. पेंटर पडद्याकडे बघतच नव्हता. नखातला निळा रंग दुसऱ्या नखाने खरवडत तो खाली मान घालून बसला होता. लंबूची सर्व्हिस डावऱ्याला परतवताच आली नाही. मैदानावर एकच गलका झाला. पेंटरने आवाजावरून काय झालं ते ओळखलं आणि डोळे मिटून घेतले.

पडद्यावर कोणी कोणाला मिठी मारत होतं, कोणी टॉवेलात तोंड खुपसलं होतं.

“कधी?” पेंटरने विचारलं.

“उद्या. साडेसातची गाडी.”

“पाटी बघितलीस?”

“बघितली.”

पेंटरने मान हलवली. तू सांगशील म्हणून थांबलो होतो, असं तो म्हणाला नाही. घड्याळजीला मात्र ते ऐकू आल्यासारखं झालं. तीन आठवडे वाया घालवले होते, आणि आता हातात एक संध्याकाळ उरली होती.

“पुढची फायनल तीन महिन्यांनी,” तो म्हणाला. “फोन लावून ठेवू. तू इथे बघ, मी तिथे. फक्त लेकीकडे चित्र जरा आधी येतं म्हणे. चारपाच सेकंद.”

पेंटरने यावर विचार केला.

“मग ओरडू नकोस. मला दिसेपर्यंत गप्प बसायचं.”

“बसेन.”

“बसशील रे. गप्प बसण्यात तुझा हात कोण धरणार?”

पडद्यावर लंबूने चषक डोक्यावर उचलला होता. पेंटर भिंतीकडे तोंड करून बसला होता. मग घड्याळजीनेच टाळ्या वाजवल्या. हात थरथरत असल्यामुळे त्या नीट वाजत नव्हत्या, तरी लंबू चषक खाली ठेवेपर्यंत तो वाजवत राहिला.