काच उचलायची वेळ मी सांगायचो

मी एक जुना रेडिओ आहे, मित्रांनो, आणि आत्ता माझं पोट उघडं पडलंय. पाठीचं झाकण बाजूला, आतल्या तारा बाहेर. माझे चार स्क्रू एका बशीत आहेत. बशी कुठे आहे तेही मला माहीत आहे, पण सांगणार कोणाला? आणि सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? माझ्यात काहीही बिघडलं नव्हतं.

सुरुवात चांगली झाली होती हो. कारखान्यातून निघताना तपासणाऱ्या बाईंनी मला कान लावला आणि म्हणाल्या, "हा गोड वाजतो." आयुष्यात एवढंच एक कौतुक वाट्याला आलं, तेच पुरवून पुरवून वापरतोय.

मला एका फ्रेमवाल्याने विकत घेतलं. फोटोंना चौकट करून द्यायचं त्याचं दुकान. पट्ट्या, काचा, पुठ्ठे, लाकडाचा भुसा. त्याला दोन मुलं. दोघं माझ्यावरून रोज भांडायची. एक सुई इकडे फिरवायचा, दुसरा तिकडे. शेवटी बाप वैतागला. त्याने जुन्या गाण्यांचं गावातलं स्टेशन लावलं आणि सुईच्या बटणावर जाड चिकटपट्टी मारली. म्हणाला, "आता जो ही हलवेल त्याने रात्री फुटपाथवर झोपायचं."

तेव्हापासून मी एका स्टेशनचा. पोरं मोठी झाली, थोरल्याचं लग्न झालं, बाप गेला, पट्टी पिवळी पडली. तिला कोणी हात लावला नाही.

बाप गेला आणि अबोला सुरू झाला. कारण ऐका. बापाच्या फोटोला फ्रेम कोणती करायची? थोरला म्हणे साधी लाकडी, धाकटा म्हणे सोनेरी. त्यावरून शब्द वाढला आणि मग शब्दच संपले. गावभरच्या फोटोंना चौकटी करणाऱ्या दुकानात बापाचा फोटो तसाच, बिनचौकटीचा, माझ्या पाठीला टेकवून ठेवलेला. त्याचा कोपरा मला टोचतो. पण माझं कोण ऐकतंय.

मग दोघं माझ्याशी बोलायला लागले. थोरला माझ्याकडे बघून म्हणायचा, "खिळ्यांचा डबा कोणी इकडे सरकवला असता तर बरं झालं असतं बाबा." धाकटा माझ्याकडे बघून म्हणायचा, "डबा तुमच्या कोपराखाली आहे म्हणावं." मी दोघांच्या मधला पोस्टमन. आणि पोस्टमनला तोंड नाही!

आता मुख्य गोष्ट. मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. दोन टोकांना दोघं लागतात आणि एकाच क्षणी उचलावी लागते, नाहीतर गेली. हे दोघं बोलत नाहीत. मान हलवली असती तरी चाललं असतं, पण मान हलवणं म्हणजे हार. मग त्यांनी न ठरवताच ठरवलं: ध्रुवपद आलं की उचलायची, कडवं लागलं की टेबलावर ठेवायची. जाहिराती लागल्या की दोघं काचेला हात लावून उभे, शिक्षा झाल्यासारखे. एवढ्या वर्षांत एक काच फुटली नाही. माझ्यामुळे! कोणी एकदा तरी पाठ थोपटली?

हे सगळं वहिनीला, म्हणजे थोरल्याच्या बायकोला, बरोबर कळत होतं. ती मागे बसून फ्रेमांना पुठ्ठे चिकटवते. धाकट्याने बाजारात वेगळा गाळा बघून ठेवलाय, हेही तिला माहीत होतं. मला पुसताना ती पुटपुटायची, "तू आहेस म्हणून दुकान एक आहे रे."

आणि मग शेजारचे टेलरकाका बातमी घेऊन आले.

"ऐकलं का? आपलं स्टेशन बदलतंय. जुनी गाणी बंद."

"कोण म्हणालं?" थोरला उखडला.

"सगळे म्हणतायत. नवीन मालक आलाय. धांगडधिंगा लावणार दिवसभर."

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, नाही नाही, नुसत्या बातम्या. तिसऱ्या दिवशी म्हणाले, प्रवचनं. चौथ्या दिवशी, गाणी तीच पण नवीन पोरांनी गायलेली. मित्रांनो, मी रेडिओ! माझ्यासमोर, माझ्याबद्दल, आणि मला एकाने विचारलं नाही. अर्थात मलाही काही माहीत नव्हतं. पण विचारायला काय जातं?

थोरला मला म्हणाला, "काहीएक बदलणार नाही. लोकांना कामधंदे नाहीत."

धाकटा मला म्हणाला, "बदलणार म्हणावं. आणि बदलायलाच पाहिजे. किती दिवस तेच रडगाणं."

वहिनीच्या हातातला ब्रश तसाच थांबला. पुठ्ठ्यावर खळीचा गोळा पडला.

आणि एका सकाळी माझ्यातून वेगळंच काहीतरी यायला लागलं. टिंग टिंग टिंग टुंग. शब्द नाहीत, ध्रुवपद नाही, कडवं नाही. संपलं की परत तेच. दुपारपर्यंत तेच! निवेदक बाई गायब, जाहिराती गायब. टिंग टिंग टिंग टुंग. माझंच डोकं उठलं, तर ऐकणाऱ्यांचं काय?

"बघा, बदललं!" टेलरकाका खूश.

"स्टेशन नाही बदललं, हा डबा बिघडलाय," थोरला म्हणाला.

अहो, पट्टी काढा! सुई जरा बाजूला सरकवा! दुसरं स्टेशन नीट लागलं तर कळेल ना मी धड आहे ते! एवढी साधी गोष्ट. पण बापाच्या पट्टीला हात कोण लावणार?

त्याच दिवशी शाळेतल्या बाईंचं काम होतं. अख्ख्या शाळेचा फोटो, भिंतभर. संध्याकाळी न्यायला येणार होत्या. दोघं काचेपाशी उभे राहिले. टिंग टिंग टिंग टुंग. थोरल्याला वाटलं 'टुंग'ला उचलायची. धाकट्याला वाटलं पहिल्या 'टिंग'ला.

फुटली.

थोरल्याचा अंगठा कापला. धाकटा फडकं घेऊन धावला, अर्ध्यात थांबला आणि फडकं माझ्यावर ठेवून मला म्हणाला, "कोणीतरी बांधून घ्या म्हणावं." मग दोघांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे चूक रेडिओची!

धाकट्याने मला उपडं पाडलं, स्क्रू काढले, आत फुंकर मारली. कोळ्याचं जाळं निघालं. बाकी काय निघणार? तारांमध्ये उगाच बोटं घातली आणि मी गप्प झालो.

दुकानात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मोठी काच आता एकच उरली होती. दोघं तिच्या दोन टोकांना जाऊन उभे राहिले. सवयीने माझ्याकडे बघितलं. मी उघडा, मुका. वहिनीने तोंड उघडलं आणि परत मिटलं. आज तिने 'उचला' म्हटलं असतं तर जन्मभर तिलाच म्हणावं लागलं असतं.

टेलरकाका दारात आले. "काय पुतळ्यासारखे उभे? मी एक-दोन-तीन म्हणू का?"

"काका, तुम्ही तोंड मिटा बरं जरा," वहिनी म्हणाली.

थोरल्याचा फडकं बांधलेला अंगठा काचेच्या कडेवर टेकला होता. धाकट्याने तो बघितला. थोरल्याने घसा साफ केला.

"उचल."

"कधी?"

"आत्ता, गाढवा!"

"मग तसं नीट सांग ना!"

काच उचलली गेली. चालताना थोरला म्हणाला, "जपून, स्टूल आहे." धाकटा म्हणाला, "दिसतंय मला." "कप्पाळ दिसतंय तुला." "तू तुझा अंगठा सांभाळ." काच टेबलावर अलगद टेकली. वहिनी पदराने डोळे पुसत होती आणि वर टेलरकाकांना सांगत होती, भुसा गेला डोळ्यात.

झालं. त्या दिवसापासून दोघं थांबलेच नाहीत. दिवसभर भांडतात. लाकडी! सोनेरी! अरे, बापाला सोनेरी आवडायचं का कधी? मग तुला काय माहीत, तू होतास का घरी? वेगळ्या गाळ्याचं नाव कोणी काढत नाही, भांडायला वेळ पुरत नाही म्हटल्यावर. स्टेशनवर आता काय वाजतं, मित्रांनो, मला ठाऊक नाही. या दुकानात कोणालाच ठाऊक नाही. ज्याच्यावरून एवढं रान उठलं, ते ऐकायची कोणाला गरजच उरली नाही.

परवा थोरला म्हणाला, "अरे, त्या रेडिओचं झाकण लावून टाक ना. बिचारा उघडाच पडलाय."

माझ्या जीवात केवढा जीव आला!

"स्क्रू सापडत नाहीयेत," वहिनी म्हणाली. आणि बशी हळूच पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यामागे सरकवली.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी म्हातारा असेल, आणि तो अचानक विचित्र वाजायला लागला, तर त्याचं पोट फाडायच्या आधी एवढं करा. सुई जरा बाजूला सरकवून बघा. वर्षानुवर्षं चिकटलेली पट्टी असली तरी ती काढा आणि बघा.

आणि कोणी या दुकानात आलात तर पुठ्ठ्यांच्या मागे बघा. वहिनीचं लक्ष नसताना.