पळसाच्या वळणावरची वीस मिनिटं

मलकापूर स्टेशनावरून मीठ, रॉकेल नाही तर सिमेंट भरून बुलढाण्याकडे चढणाऱ्या कोणत्याही ट्रकाला राजूरचा घाट एकदा तरी खाली बसवतोच. उकंडरावच्या ट्रकाला तो नेमका पळसाच्या वळणावर बसवायचा. तिथं रस्ता जरासा सपाट होता. पाण्याच्या टाकीतून वाफ निघायची, इंजिन धापा टाकायचं, आणि उकंडराव चाकामागं दगड लावून वीस मिनिटं थांबायचा. दोन वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्याची त्याबद्दल तक्रार म्हणून नव्हती. खरं सांगू का, आठवड्यातली तेवढीच मिनिटं तो माणसात असायचा. बाकीचा वेळ नुसता स्टिअरिंग धरून ढकलायचा.

आधीची तीन भावंडं दगावली म्हणून ह्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललेलं. म्हणून नाव उकंडराव. ज्यांनी उचललं ते आईबाप केव्हाच गेले. बायको दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या साली तापानं गेली, मूलबाळ नव्हतं. चिखलीच्या भगवानरावांचा ट्रक चालवायचा, त्यांच्याच कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या आवारात ट्रकाच्या केबिनीत झोपायचं, भाकरी कोणी देईल तिथं खायची. क्लीनर नव्हता. चिखलीहून कापसाच्या गाठी खाली न्यायच्या आणि मलकापुरातून माल वर आणायचा, आठवड्यातून तीन फेऱ्या. अशा माणसाशी बोलणार कोण? हमाल बोलायचे ते ‘मागं घे’ आणि ‘पुढं घे’ एवढंच.

वळणावर मात्र गोजरबाई होती. तिचा नवरा रस्त्याच्या गँगमध्ये खडी फोडायचा. तो वारला तेव्हा गँगच्या शेषराव मुकादमानं तिला झोपडीतून काढलं नाही, एवढी माणुसकी दाखवली. खालच्या झऱ्यावरून दोन बादल्या पाणी आणून ती कठड्यापाशी ठेवायची. तापलेल्या ट्रकांचे डायवर पाणी घ्यायचे आणि मूठपसा मीठ, चहाची पुडी, असं काहीबाही तिच्या पदरात टाकायचे. बाकीचे डायवर पाणी घेऊन चालते व्हायचे. उकंडराव बसायचा. ती कठड्यावर, तो पायरीवर, मधे ट्रकाचं वाफाळणारं तोंड.

गोजरबाईनं जन्मात आगगाडी पाहिली नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, “मोटारवाले, मालगाडीले डबे किती असतात हो?”

“असतात तीस-चाळीस.”

“तीस का चाळीस? मोजले नाई का तुमी?”

त्यानं मोजले नव्हते. दुसऱ्या फेरीला त्यानं मोजले. तेव्हापासून मलकापूरच्या मालधक्क्यावर हमाल पोती चढवायचे आणि हा बाबा रुळाकडे तोंड करून बोटं दुमडत उभा राहायचा. वर आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, “आज किती?” तो सांगायचा एकेचाळीस, कधी छत्तीस. ती त्या आकड्यावर विचार करायची. एवढे डबे वळणावर वळतात कसे, शेवटच्या डब्यातल्या माणसाला पुढचं दिसतं का, त्याला एकटं वाटत नसेल का. असलं विचारायची. उकंडराव त्याची उत्तरं फार मनापासून द्यायचा.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं, आणि भगवानरावांच्या डोक्यात भाता शिरला.

लढाई संपून लष्कराची मोड लिलावात निघाली होती. ज्याला जे दिसेल ते तो उचलत होता. भगवानरावांनी उचलला सुपरचार्जर. हातभर लांबीची धातूची पेटी, आत दोन पाती एकमेकांना लागून गरगरतात, बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतात. चिखलीत त्याला कोणी सुपरचार्जर म्हटलं नाही. सगळे त्याला भाताच म्हणाले, लोहाराच्या भात्यावरून.

“आता पाह्य,” भगवानराव पेटीवर थाप मारून म्हणाले, “घाटात थांबणं नाई का काई नाई. आठवड्याच्या चार फेऱ्या झाल्या समज.”

उकंडराव पेटीभोवती दोनदा फिरला. त्याला मोटारीतलं कळत होतं, ह्यात शंका नको. “मालक, ताकद येईल, नाई म्हणत नाई,” तो म्हणाला. “पण या इंजिनले कंपनीनं जेवढी हवा ठरवून देली तेवढीच ते पचवते. जास्त कोंबली तं आतला जाळ वाढंल. पिस्टन तेच, हेडचं पॅकिंग तेच, बेअरिंगा त्याच, पाण्याची टाकी बी तेच. आन् आपण टाकतो ते पेट्रोल? रेशनचं, वरून त्यात रॉकेल. चढावर ठोके मारंल ते. एक दिवस पिस्टन जाईन.”

“लष्कराचे ट्रक चालले ना यावर?”

“त्याइचे इंजिनच त्या हिशोबानं बनवेल असतात. आपलं साधं हाय. याले वीस मिनिटं थांबू देणं हेच याचं औषध.”

भगवानराव गालात हसले. “वीस मिनिटं. पळसाच्या वळणावर. उकंडराव, मले एक सांग, तुले पिस्टनची काळजी हाय का त्या बादलीवालीची?”

आवारातले हमाल खो खो हसले. उकंडरावचे कान तापले. खरं काय ते त्यालाच ठाऊक नव्हतं. इंजिनाबद्दल तो बोलला ते अक्षर न् अक्षर खरं होतं. पण ते इतक्या पोटतिडकीनं बोलायला लावलं कुणी, इंजिनानं का बाईनं? आपण खोटं बोललो नाही हे त्याला कळत होतं. आपण खरं बोललो असंही छातीवर हात ठेवून सांगता येईना.

मग रागाच्या भरात त्यानं काय करावं? भाता स्वतःच्या हातानं बसवला, आणि असा बसवला की नाव ठेवायला जागा नाही. पट्टा ताणून, तांब्याचं नवं पॅकिंग घालून, ठिणगीचं टायमिंग जरा मागं घेऊन. कामात कसूर केली असं उद्या कोणी म्हणू नये! माणूस असा असतो बघा. स्वतःचा गळा आवळायची दोरीसुद्धा नीट वळतो.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या फेरीला ट्रक मिठाची पोती घेऊन घाट चढला तो किंचाळतच. भात्याला एक उंच, सलग आवाज होता, कानाला दडे बसवणारा. चढ झरझर सरत होता, म्हणून उष्णतेचा काटा लाल खुणेच्या अलीकडेच राहिला. पळसाचं वळण आलं. गोजरबाई दोन्ही बादल्या उचलून पुढं झाली, नेहमीसारखी. आणि उकंडरावच्या ध्यानात आलं की थांबायला काही कारणच नाही.

वाफ नाही, धाप नाही. आता थांबायचं तर काय सांगून थांबायचं? ‘बाई, तुझ्यासाठी थांबलो’? त्याच्या जिभेला हाड नसलं तरी असलं बोलायची सवयही नव्हती. त्यानं दोनदा भोंगा वाजवला आणि ट्रक पुढं काढला. आरशात पाहिलं तर ती बादल्या खाली ठेवून उभी होती. एक कलंडली होती. त्या दिवशी डबे होते एकोणचाळीस.

पुढच्या फेरीलाही ती बादल्या घेऊन आली. त्याच्या पुढच्या फेरीला एकच बादली होती. मग नुसतीच कठड्यावर बसलेली दिसायची, आणि आवाज जवळ आला की उठून उभी राहायची. तो भोंगा वाजवायचा. दर फेरीला ठरवायचा, आज थांबू, काय व्हायचं ते होवो. आणि वळण आलं की भगवानरावांचं हसू आठवून पायाखालचं पेडल आणखी दाबायचा. मलकापुरात डबे मात्र मोजायचा. न मोजण्याचा प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. आकडा पोटात घेऊन चिखलीला यायचा, आणि जिनाच्या आवारात तो आकडा कुणाला सांगणार? चाळीस डब्यांचं चिखलीला काय देणंघेणं!

एका गुरुवारी ती उभी होती, तिच्या हातात बादली नव्हती. काखेत एक गाठोडं होतं. उजवा हात तिनं वर केला, पंजा उघडा. उकंडरावला वाटलं, गवत कापायला निघाली असंल. वाटलं, रामराम करून राह्यली. त्यानं दोन भोंगे दिले. ट्रक किंचाळत वर गेला. ती काही ओरडली असेल तर भात्याच्या आवाजात ऐकू आली नाही.

त्यानंतर वळण रिकामं. एक फेरी, दोन, चार. ‘रुसली,’ उकंडराव स्वतःशी म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंही वाटलं. रुसायला आपलं कोणी लागतं.

त्याच सुमारास त्यानं प्लग काढून पाहिले. तिसऱ्या प्लगच्या टोकावर चकचकीत बारीक कण होते, रांगोळीच्या दाण्यांएवढे. त्यानं एक कण नखानं खरवडून उन्हात धरला. ते पिस्टन होतं; जाळानं विरघळून कणाकणानं प्लगवर येऊन बसत होतं. चढावरचे ठोके तर तो पंधरा दिवस ऐकतच होता, डब्यात खडे हलवावे तसे. आता मालकाकडे जाऊन हात जोडायचे, भाता उतरवा म्हणायचं, हे त्याचं काम होतं. त्यानं प्लग फडक्यानं पुसले आणि परत बसवले. कोणाला सांगितलं नाही. मालक म्हणाले असते, पाहा, आठवण झाली बादलीची. आणि दुसरंही एक होतं, तेही सांगून टाकतो. ते इंजिन मोडलेलंच त्याला हवं होतं.

होळीला आठ दिवस होते. पळस पेटला होता. ट्रकात साठ पोती मीठ, ऊन मरणाचं. वळण फर्लांगभर राहिलं असताना इंजिनानं एक ठोका असा मारला की स्टिअरिंग हातात हादरलं. मग खळ्‌, निळ्या धुराचा लोट, आणि भात्याचं किंचाळणं हळूहळू खाली येत बंद पडलं. घाटात एकदम इतकं शांत झालं की उकंडरावला पाखरांचा आवाज ऐकू आला. दोन महिन्यांत तो ऐकलाच नव्हता.

पिस्टनला भोक पडलं होतं. मालकाचं इंजिन गेलं होतं. ह्या माणसानं डोक्याला हात लावावा की नाही? हा हसला! चाकामागं दगड लावले, रिकामा डबा उचलला आणि पोरासारखा चढ चढत सुटला. कारण मिळालं होतं ना! एकेचाळीस, तो मनाशी घोकत होता, आज एकेचाळीस आहेत, आणि गुरुवारचे छत्तीस, तेही सांगू, सगळेच राहिलेत सांगायचे.

झोपडीच्या दाराला काटेरी फांदी आडवी बांधलेली होती. दोन्ही बादल्या भिंतीशी पालथ्या घातल्या होत्या.

वरून शेषराव मुकादम फावडं खांद्यावर घेऊन आला. “काऊन हो, बसली का गाडी?”

“गोजरबाई कोठी गेली?”

“तिले तं महिना व्हत आला. भावाकडे गेली. म्हणे, आता गाड्या थांबत नाईत, पानी कोणासाठी आणू?” मुकादमानं फावडं खाली टेकवलं. “चिखलीपावतर तुमच्याच गाडीत जाणार होती. गाठोडं घेऊन दुपारपासून उभी होती उन्हात. मी म्हटलं, बाई, बैलाचं खाचर पाह्यतो. नाई म्हणे, मोटारवाले नेतीन, त्याइच्याशी बोलायचं बी हाय. मंग तुमी गेले ना पुढं. दुसऱ्या दिवशी पायीच गेली.”

उकंडरावच्या हातातला डबा खाली पडून उताराला लागला, तो त्यानं उचलला नाही. “गाव कोणतं भावाचं?” त्यानं विचारलं.

“आता घ्या,” मुकादम म्हणाला. “मले काय माहीत? मी तं तुमालेच इचारणार होतो. दोन साल बसत होते तुमी बोलत.”

दोन वर्षं ती विचारत होती आणि हा सांगत होता. त्यानं तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. गाव नाही, भाऊ नाही, नवरा कशानं गेला तेही नाही. तो कठड्यावर बसला, तिच्या जागेवर. तिथून खालचा रस्ता पार दुसऱ्या वळणापर्यंत दिसत होता. चढणारी गाडी इथून किती लांबून दिसते, हे त्याला आज कळलं. मग तो रडला. मुकादम बिचारा, ट्रकासाठीच रडतो असं समजून म्हणाला, “जाऊ द्या, लोखंडच हाय, दुसरं येईन.”

निरोप मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी भगवानराव सहा बैलजोड्या घेऊन आले. पोती आधी खाचरांतून वर गेली, मग रिकाम्या ट्रकाला साखळ्या लागल्या. भगवानरावांनी हेड उघडून भोक पडलेलं पिस्टन पाहिलं होतं. माणूस वाईट नव्हता, चढताना ट्रकाच्या बाजूनं चालत ते हळूच म्हणाले, “तुयं खरं होतं उकंडराव. मी उगाच त्या बाईवरून बोललो.”

उकंडराव स्टिअरिंगवर होता. “तुमचं बी खरं होतं, मालक,” तो म्हणाला.

पळसाचं वळण आलं. उकंडरावनं ब्रेक दाबला. साखळ्या ताणल्या, बैल अडखळले, गाडीवान शिव्या देत मागं वळले.

“काय झालं बे?” भगवानराव ओरडले. “थांबला काऊन? बैल जोमात हायेत, वर घे!”

इंजिन कालपासून थंडगार पडलं होतं. टाकीत उकळायला पाण्याचा थेंब नव्हता. सांगायला काही कारण नव्हतं, आणि त्यानं शोधलंही नाही.

“मले थांबायचं हाय,” उकंडराव म्हणाला, आणि खाली उतरून त्यानं चाकामागं दगड लावला.